बडोद्यात सर्फबोर्ड घडवण्याची सामूहिक कार्यशाळा : थर्माकोल घ्यावा की लाकूड?

प्रश्न
लिहिणार : दांडियाबाजार_सुतारवर्ग

नमस्कार.

आमच्या मंडळाच्या वास्तूत तळमजल्यावर सुतारकामाची एक लांबट खोली आहे. दर हिवाळ्यात तेथे आम्ही परिसरातल्या मुलांसाठी आणि हौशी मोठ्यांसाठी हस्तकामाचे शिबिर घेतो. आजवर पाट, चौरंग, पुस्तकांच्या मांडण्या अशी घरगुती कामे झाली. यंदा विद्यापीठात शिल्पकला आणि अभियांत्रिकी शिकणाऱ्या काही मुलामुलींनी निराळाच प्रस्ताव पुढे ठेवला आहे : सर्फबोर्डची, म्हणजे समुद्राच्या लाटेवर उभे राहून घसरत जायच्या फळीची, रचना समजून घ्यायची आणि तो हाताने घडवायचा. सुट्टीत गोव्याला जाऊन ही मंडळी लाटेवर उभे राहायला शिकून आली, भाड्याच्या बोर्डांची मापे वहीत उतरवून आली, आणि आता विकतचा बोर्ड घेण्यात त्यांना रस उरलेला नाही.

कार्यकारिणीच्या बैठकीत आक्षेप आला तो अपेक्षेप्रमाणेच. समुद्र नाही तेथे ही फळी घेऊन करायचे काय, असे ज्येष्ठांनी विचारले. त्यावर एका मुलीने दिलेले उत्तर मला पटले : वक्र पृष्ठभाग हाताने आणि डोळ्याने दोन्ही बाजूंना सारखा उतरवणे हे चौरंग करून शिकता येत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली येथे कलाभवन काढले, त्या गावाला हा उद्योग विजोड नाही, असे मीही सांगितले आणि तत्त्वतः मान्यता मिळाली. खरी अडचण यापुढची आहे.

खोली २८ फूट लांब, १२ फूट रुंद, आणि खिडक्या एकाच भिंतीला. रंधे, पटाशा, करवती, कानशी, शिकंजे भरपूर. विजेवर चालणारा रंधा एक. शिकणारे १२, त्यांतले तिघे अठराच्या आतले. शिबिराचे दिवस सहा. प्रत्येकाने आपापला बोर्ड करावा असे मुलांचे म्हणणे आहे, ते शक्य आहे का? गाभा थर्माकोलचा घ्यावा की पूर्ण बोर्ड लाकडाचा करावा? रेझिनचे (वरून लावल्यावर घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाचे) काम बंद खोलीत करणे कितपत सुरक्षित आहे? आणि तयार बोर्ड तपासायचा कोठे? विश्वामित्री नदी घरापासून हाकेच्या अंतरावर असली, तरी तिथल्या मगरींना आमचा हा उपक्रम दाखवण्याचा विचार नाही.

ज्यांनी असे काम केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

उत्तर १
लिहिणार : मकरपुरा_फायबर

प्रत्येकाला एक बोर्ड हा आग्रह आधी सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नऊ फुटांचा बोर्ड सुतारी घोड्यांवर ठेवला की त्याच्या पुढे, मागे आणि दोन बोर्डांच्या मध्ये तीन-तीन फूट फिरायला जागा लागते. आपल्या खोलीत लांबीच्या दिशेने एका वेळी दोनच बोर्ड बसतात. बारा बोर्ड करायचे म्हटले तर सहा दिवस रांगेत उभे राहण्यात जातील. दोन बोर्ड, दोन गट, आणि गटातल्या प्रत्येकाचा हात प्रत्येक टप्प्याला लागेल अशी वाटणी करा.

आता रचनेविषयी. नवशिक्या मोठ्या माणसासाठी ९ फूट लांब, साडेबावीस इंच रुंद आणि ३ इंच जाड हे माप धरा. या मापाची चौकोनी पेटी असती तर तिचे आकारमान सुमारे ११९ लिटर भरले असते. पण नोज (पुढचे टोक) आणि टेल (मागचे टोक) निमुळते होतात, कडा गोलावतात, जाडी दोन्ही टोकांकडे उतरते, आणि शेवटी ६५ ते ७० लिटर उरतात. हा हिशेब मुलांकडून पहिल्याच दिवशी करून घ्या. बोर्ड तरंगतो कशामुळे आणि एक इंच जाडी कमी केल्याने काय गमावले जाते, हे एकदा आकड्यात दिसले की रंधा चालवताना हात आपोआप जपून पडतो.

लांबीच्या दिशेने बोर्ड जो वर उचललेला असतो त्याला रॉकर म्हणतात. नऊ फुटांच्या बोर्डला नोजकडे सुमारे ४ इंच आणि टेलकडे अडीच-पावणेतीन इंच पुरे. रॉकर फार दिला तर बोर्ड पाणी ढकलत बसतो आणि संथ लाटेवर अडतो. अगदीच कमी ठेवला तर लाटेच्या उतारावर नोज पाण्यात घुसते आणि स्वार तोंडघशी पडतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर शिकण्याजोग्या लाटा मवाळ असतात, म्हणून मी कमी रॉकरच्या बाजूने आहे.

गाभा थर्माकोलचाच घ्या, मात्र टीव्हीच्या खोक्यातला नव्हे. घनमीटरला २४ ते ३२ किलो घनतेचा ठोकळा मागवा. उत्पादकाला घनता सांगितली की तो तसा कापून देतो. ३२ किलोचा घेतला तरी ६८ लिटरच्या बोर्डात थर्माकोलचे वजन सव्वादोन किलोच्या आत राहते. उरलेले वजन काचकापड आणि रेझिन यांचे. व्यवस्थित काम झाले तर बोर्ड सहा-सात किलोत बसतो.

पॉलियुरेथेनचे तयार ब्लँक, म्हणजे आकार द्यायचे कच्चे ठोकळे, परदेशातून मागवावेत असे कोणी सुचवील. त्यांचा आकार घासायला सुखद असतो हे खरे, पण वाहतुकीचा खर्च आवाक्याबाहेर जातो. अमेरिकेतल्या बहुतेक बोर्डांना ब्लँक पुरवणारा क्लार्क फोम हा कारखाना ५ डिसेंबर २००५ रोजी एकाएकी बंद झाला, तेव्हा तिथल्या कारागिरांची मोठी धावपळ झाली आणि थर्माकोल व एपॉक्सी (एक प्रकारचे रेझिन) या जोडीकडे पुष्कळजण वळले. आपण त्याच जोडीने सुरुवात करावी. पॉलियुरेथेनचा तुकडा कोणी आणलाच, तर तो तापत्या तारेने मात्र कधीही कापू नये. त्याचा धूर विषारी असतो.

थर्माकोलवर तापती तार चालते. ठोकळ्याच्या दोन्ही अंगांना प्लायचे दोन हुबेहूब फर्मे लावायचे, त्यांच्या कडेवर निक्रोमची ताणलेली तार टेकवायची आणि दोघांनी दोन्ही टोके धरून ती ओढत न्यायची. येथे घाई करणारा आणि रेंगाळणारा अशी जोडी जमली की पृष्ठभागावर लाटा उमटतात, म्हणून एकाने मोठ्याने खुणांचे आकडे म्हणावेत आणि दोघांनी त्या तालावर सरकावे. त्यानंतर ठोकळा मध्यावर उभा चिरून त्यात पाच-सहा मिलिमीटर जाडीची लाकडी पट्टी, म्हणजे स्ट्रिंगर, चिकटवतात. मग वरून बाह्यरेषेचा फर्मा ठेवून आकार कापायचा. हा फर्मा अर्ध्याच बोर्डाचा करावा आणि स्ट्रिंगरवर उलटा करून दुसरी बाजू आखावी, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या येतात. रेषा गोड येण्यासाठी लवचीक पट्टी खिळ्यांमध्ये पतंगाच्या कमानीसारखी वाकवून पेन्सिल फिरवा. हाताने मोकळी काढलेली रेषा कितीही सुंदर वाटली तरी कोठेतरी दबकते.

शेपिंगचे, म्हणजे आकार देण्याचे, खरे शिक्षण रेलमध्ये, म्हणजे कडेत आहे. कड एकदम गोल करायला जाऊ नका. डेकवर, म्हणजे बोर्डच्या वरच्या बाजूवर, कडेला समांतर अशा दोन-तीन रेषा आखा आणि प्रत्येक दोन रेषांमधला पट्टा रंध्याने तिरका सपाट उतरवा. कडेला पैलू पडतील. ते पैलू दोन्ही बाजूंना सारखे आहेत याची खात्री झाल्यावरच मधल्या धारा जाळीदार घासकागदाने मोडून गोलाई आणा. पैलू मोजता येतात, गोलाई मोजता येत नाही. मध्यावर कड मऊ आणि भरीव ठेवा, टेलच्या शेवटच्या फुटा-दीड फुटात खालची धार कडक ठेवा. पाणी तेथे सुटून निघाले पाहिजे, वळून वर चढता कामा नये.

यासाठी खोलीतला वरचा दिवा बंद करून दोन्ही लांब भिंतींवर बोर्डच्या उंचीला ट्यूबलाइट लावाव्या लागतील. आडव्या उजेडात एक मिलिमीटरचा उंचवटाही सावली टाकतो. वरच्या उजेडात अगदी गुळगुळीत दिसलेला बोर्ड आडव्या उजेडात ठेवला की मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

शेवटचे, पण सर्वांत महत्त्वाचे. आमच्या मकरपुऱ्यात रसायनांच्या टाक्यांना आतून फायबरचे अस्तर करणारे उत्तम कारागीर आहेत आणि तुम्ही मदतीला त्यांच्याकडेच जाल. ते पॉलिएस्टर रेझिन आणि तुटक धाग्यांची मॅट वापरतात. पॉलिएस्टर रेझिनमधले स्टायरिन थर्माकोल अक्षरशः विरघळवते, आणि मॅट रेझिन पिऊन बोर्ड जड करते. त्यांचा हात घ्या, साहित्य घेऊ नका. विणलेले काचकापड, चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपासचे, वर दोन थर आणि खाली एक, आणि रेझिन एपॉक्सीच.

---

उत्तर २
लिहिणार : रंधा_पटाशी

वरील उत्तरातले रेलविषयीचे विवेचन मला फार आवडले, पण साहित्याच्या निवडीबाबत माझा मतभेद आहे. सुतारकामाची खोली, सुतारकामाची हत्यारे आणि लाकडाची सवय झालेले शिक्षक हाताशी असताना थर्माकोल घासायला बसणे मला पटत नाही. थर्माकोलचे दाणे खोलीच्या फटीफटीत जाऊन बसतील आणि पुढच्या वर्षीच्या चौरंगांच्या पॉलिशमध्ये निघतील.

हवाईत ही कला वाढली ती लाकडातच. तिथल्या सरदारांच्या लांबलचक ओलो फळ्यांसाठी विलिविली नावाच्या झाडाचे हलके लाकूड वापरत. हे झाड म्हणजे आपल्या पांगाऱ्याचे सख्खे भावंड, दोन्ही एकाच प्रजातीसमूहातली. आपल्याकडे सावंतवाडीच्या लाकडी फळांना पांगाराच लागत असे. म्हणजे हलके लाकूड ओळखून त्याला योग्य काम देण्याची समज दोन्ही किनाऱ्यांवर होती. पांगाऱ्याला कीड आणि बुरशी लवकर लागते, म्हणून तो चांगला वाळवून, चिरून लगेच वापरावा लागतो. तो न मिळाला तर सावर पाहावी.

साग मात्र नको. बडोद्याजवळ संखेड्याचे खरादी कारागीर सागावर लाखकाम करतात आणि त्या पाळण्यांना, खुर्च्यांना तोड नाही. पण नऊ फुटांच्या पोकळ बोर्डाला सहा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या सागाच्या लावल्या तर नुसती कातडीच साडेनऊ किलोच्या वर जाते. सावरीची तीच कातडी पाच-सव्वापाच किलोत होते. सांगाडा, कडा आणि वरचे काचकापड धरून संपूर्ण बोर्ड अकरा किलोच्या आसपास येईल. थर्माकोलच्या बोर्डाहून जड आहे, हे मान्य करतो. मवाळ लाटेवर हे वजन एकदा गतीला लागले की ती टिकवून धरते, हेही त्याबरोबर सांगायला हवे.

पोकळ बोर्डाची युक्ती टॉम ब्लेक या अमेरिकन माणसाची. होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातल्या जुन्या फळ्यांचा अभ्यास करून त्याने तशाच फळ्या केल्या, त्या हलक्या करण्यासाठी आधी भोके पाडली, मग आतून पोकळ बांधणी केली, आणि १९३२ साली तिचे पेटंट मिळवले. बोर्डखाली मागच्या बाजूला पहिली फिन, म्हणजे माशाच्या परासारखी उभी पट्टी, लावण्याचे श्रेयही त्यालाच देतात, ते १९३५ साली. आपण सांगाडा असा करा : मध्ये उभा कणा, त्यातच रॉकर कापलेला, त्याला फूटभर अंतराने आडव्या बरगड्या, त्यांना हलके करण्यासाठी गोल भोके, मग खालच्या पट्ट्या, कडांच्या अरुंद पट्ट्या एकावर एक, आणि शेवटी वरचा भाग. बरगड्या सहा मिलिमीटर प्लायच्या चालतील. चिकटवायला नेहमीचा पांढरा सरस पाण्यात दगा देतो, म्हणून एपॉक्सी.

पोकळ बोर्डाला हवा निघायला स्क्रूचे झाकण असलेले छिद्र ठेवणे सक्तीचे समजा. आपल्या उन्हात बोर्ड गच्चीवर ठेवला आणि झाकण लावलेले राहिले, तर आतली हवा फुगून सांधे उकलतात. पाण्यात उतरताना बंद, बाहेर आला की उघडे. हे वाक्य बोर्डवरच लिहून ठेवा, कारण पाण्यातून बाहेर आलेल्या माणसाला काहीही आठवत नसते.

प्रत्येकाला काहीतरी स्वतःचे घरी न्यायला मिळावे ही मुलांची इच्छा रास्त आहे. त्यासाठी पायपो करा. हवाईतली ही पोटावर झोपून चालवायची आखूड फळी. ४ फूट लांब, १८ इंच रुंद, पाऊण इंच जाड, फिन नाही, काचकापड नाही. पुढचे टोक गोल, कडा खालून किंचित उतरत्या, आणि वर अळशीच्या तेलाचे हात. ती माणसाला तरंगवून धरत नाही, लाट पकडल्यावर मात्र सरसरत नेते. अठराच्या आतल्या तिघांना रेझिनजवळ जाऊ न देता पूर्ण काम करता येईल असा हा एकच प्रकार आहे.

---

उत्तर ३
लिहिणार : निवृत्त_रसायनतज्ज्ञ

मी लाटांवर कधी उभा राहिलो नाही आणि या वयात राहणारही नाही. माझा संबंध रेझिनशी आला तो नोकरीत. तेवढ्यापुरतेच लिहितो.

एपॉक्सीला वास कमी येतो म्हणून लोक ते निर्धोक समजतात. पॉलिएस्टरचा वास माणसाला खोलीबाहेर तरी काढतो. एपॉक्सीचा हार्डनर (त्यात मिसळायचा घट्ट करणारा घटक) मुकाट्याने त्वचेत मुरतो आणि काहींना अशी ॲलर्जी जडते की पुढे आयुष्यभर थोड्याशा संपर्कानेही हातावर पुरळ उठते. नायट्रिलचे हातमोजे, पूर्ण बाह्या आणि चष्मा यांत सवलत देऊ नका. अंगावर पडलेले रेझिन ॲसिटोनने पुसू नका. ॲसिटोन ते अधिक आत नेते. साबण आणि पाणी पुरे. घासताना उडणाऱ्या काचेच्या आणि रेझिनच्या धुळीसाठी चांगल्या प्रतीचा धूळरोधक मुखवटा हवा, नाकाला बांधलेला रुमाल नव्हे. खिडक्या एकाच भिंतीला असल्याने समोरच्या दारात हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा, नाहीतर रेझिनचे काम छपराखालच्या मोकळ्या ओसरीत हलवा.

प्रमाण वजनकाट्यावर मोजा. पॉलिएस्टरमध्ये उत्प्रेरक कमीजास्त करून वेळ साधता येते, हे फायबरच्या कारागिरांच्या हातात बसलेले असते, आणि तीच सवय ते एपॉक्सीला लावू पाहतात. एपॉक्सीत हार्डनरचा रेणू रेझिनच्या रेणूशी जोडला जातो; जास्त घातला म्हणून लवकर वाळत नाही, चिकट राहते. वेळ बदलायची तर मंद किंवा जलद प्रकारचा हार्डनर निवडावा, प्रमाणाला हात लावू नये.

आता आपली हवा. तापमान दहा अंशांनी वाढले की ही क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांत पेल्यातले रेझिन ब्रश बुडवेपर्यंत घट्ट होऊ लागेल. त्यातही खोल पेल्यात ते स्वतःच्याच उष्णतेने तापत जाते, धूर सोडते आणि प्लास्टिकचा पेला वितळवते. कालवून झाले की लगेच पसरट थाळीत किंवा थेट कापडावर ओता. पावसाळाही टाळा, दमट हवेत एपॉक्सीवर तेलकट साय धरते आणि पुढचा थर तिला चिकटत नाही.

म्हणून कार्यशाळा जानेवारीच्या उत्तरार्धात ठेवा. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या, आधीच्या आठवड्यात तुमच्या हाती एकही मुलगा लागणार नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत दुपारी तापमान तिशीच्या जवळ असते आणि पहाटे बारा-तेरापर्यंत उतरते. याचा एक फायदा करून घेता येतो. थर्माकोलच्या दाण्यांत हवा असते. सकाळी रेझिन लावले आणि दिवस तापत गेला की ती हवा प्रसरण पावून कापडाखाली बुडबुडे सोडते. तेच काम दुपारी तीन-साडेतीनला सुरू केले तर उतरत्या तापमानात हवा आकसते आणि रेझिन थोडे आत ओढले जाते. रात्री मात्र खोली बंद ठेवा, फार गारठ्यात ते वाळायला दोन दिवस घेईल.

पायपोच्या तेलाविषयी एक सूचना, कारण ती कोणी दिलेली दिसत नाही. अळशीच्या तेलाने भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सुटते आणि बोळ्यात ती कोंडून फडके आपोआप पेटू शकते. भुश्शाने भरलेल्या सुतारखोलीत हा धोका रेझिनपेक्षा मोठा आहे. फडकी उलगडून दोरीवर वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत टाका.

---

उत्तर ४
लिहिणार : राजमहाल_रोड_ते_मालवण

माझे बालपण बडोद्यातले. सध्या नोकरीनिमित्त मालवण भागात राहतो आणि सवड मिळेल तेव्हा पाण्यात असतो. काकांनी रसायनांबद्दल लिहिले आहे त्यात भर घालण्याजोगे माझ्याकडे काही नाही, पण चाचणीविषयी लिहितो.

विश्वामित्रीबद्दल तुम्ही स्वतःच लिहिले आहे. आजव्याच्या सरोवराचा विचारही मनात आणू नका. ते शहराच्या पिण्याच्या पाण्याचे सरोवर आहे आणि मगरी तेथेही आहेत. पहिली चाचणी पोहण्याच्या तलावात करा. लालबागच्या तरणतलावाची रीतसर परवानगी मागावी आणि पाय घसरू नये म्हणून बोर्डला लावतात ते मेण न लावता न्यावा, नाहीतर मेण पाण्यात उतरते आणि पुढच्या वेळी परवानगी मिळत नाही. तलावात लाट नसली तरी बोर्ड पुष्कळ बोलतो. माणूस मध्यावर पालथा झोपला की नोज पाण्याच्या किंचित वर राहते का, बोर्ड एका अंगाला कलतो का, हाताने वल्हवताना सरळ जातो का, हे सगळे दिसते. तलावाच्या गोड्या पाण्यात बोर्ड समुद्रापेक्षा थोडा खाली बसेल, कारण समुद्राचे पाणी लिटरमागे सुमारे पंचवीस ग्रॅमने जड असते. त्याने घाबरून जाऊ नये. नंतर बोर्ड बाहेर काढून वजन करा. आधीपेक्षा वाढले असेल तर कोठेतरी पाणी आत शिरते आहे. थर्माकोलच्या दाण्यांमधल्या फटींत शिरलेले पाणी सहज निघत नाही, म्हणून भेग बुजवल्याशिवाय तो समुद्रावर नेऊ नका.

नकाशावर सर्वांत जवळचा समुद्र खंभातच्या आखाताचा दिसतो. तिकडे जाऊ नका. भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो, पाणी गाळाचे, प्रवाह जबरदस्त, आणि सर्फिंगची लाट नाही. सौराष्ट्रात द्वारकेजवळ शिवराजपूरचा किनारा आहे; पण शिकवणारे माणूस सोबत हवे असेल तर गोव्याच्या उत्तर भागातले मांद्रे, आश्वे यांसारखे किनारे सोयीचे. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरपासून मेपर्यंत तेथे लहान, मवाळ लाटा असतात आणि नवशिक्याला त्याच हव्यात. जून ते सप्टेंबर हा काळ शिकणाऱ्यांचा नाही.

फिनबद्दल आधीच्या उत्तरांत फारसे आलेले नाही. तीन फिनची मांडणी ऑस्ट्रेलियाच्या सायमन अँडरसनने १९८१ च्या स्पर्धांत जिंकून रूढ केली आणि आज बहुतेक आखूड बोर्डांवर तीच असते, म्हणून मुले तीच मागतील. नऊ फुटांच्या पहिल्या बोर्डाला एकच मोठी फिन पुरे. बसवायला सोपी, आणि बोर्ड सरळ चालतो. तिच्या कडा बोटाला लागणार नाहीत इतक्या बोथट करा. पडल्यावर आपलाच बोर्ड आपल्याला लागतो, दुसऱ्याचा क्वचित. लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधून ठेवणारी दोरी, बोर्डच्या लांबीइतकी घ्या आणि तिचा प्लग (ती अडकवायची खोबण) स्ट्रिंगरला लागून, काचकापडाखाली खोल बसवा. नुसत्या थर्माकोलमध्ये बसवलेला प्लग पहिल्या मोठ्या लाटेला मुळासकट उपटून येतो.

लाकूड की थर्माकोल या वादात माझे मत विचाराल तर दोन्ही गट दोन प्रकारचे करू द्या. एकाच मापाचे दोन बोर्ड, एक हलका आणि एक जड, एकाच दिवशी एकाच लाटेवर चालवून पाहायची संधी विकत घेऊनही मिळत नाही.

---

प्रश्नकर्त्याचे उत्तर
लिहिणार : दांडियाबाजार_सुतारवर्ग

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल ही सारी उत्तरे बैठकीत वाचून दाखवली. उत्तरायणानंतरचा आठवडा ठरला. एक गट थर्माकोलचा, दुसरा पोकळ लाकडाचा, दोघांचे माप एकच. आणि प्रत्येकाला पायपो. रेझिनचे काम अठरा पूर्ण झालेल्यांनीच, मागच्या ओसरीत, दुपारी तीननंतर. फडक्यांसाठी पाण्याची बादली आणि तिच्यावर लक्ष ठेवायला कोषाध्यक्ष नेमले आहेत, कारण ते एरवीही सगळ्यांवर लक्ष ठेवतात.

एक शंका उरते. पोकळ बोर्ड सहा दिवसांत पुरा होईल असे आमच्या सुतारमास्तरांना वाटत नाही. पट्ट्या चिकटवून शिकंजे काढेपर्यंतच निम्मे दिवस जातील असे त्यांचे म्हणणे आहे. यावर काय करावे?

---

उत्तर ५
लिहिणार : रंधा_पटाशी

मास्तरांचे बरोबर आहे. कणा, बरगड्या आणि खालच्या पट्ट्या शिबिराच्या आधीच्या दोन रविवारी मोठ्यांनी मिळून लावून ठेवाव्यात. शिबिरात मुलांच्या वाट्याला कडा, वरच्या पट्ट्या आणि पूर्ण शेपिंग येऊ द्या. सांगाडा उघडा असताना प्रत्येकाने तो हाताळावा, म्हणजे आत काय आहे ते कळेल. वरचा भाग लावण्यापूर्वी लीशच्या प्लगखाली आणि फिनच्या जागी भरीव लाकडाचे ठोकळे बसवायला विसरू नका, नंतर आत हात जात नाही. शिकंजे कमी पडले तर जुन्या सायकलच्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून बोर्डभोवती घट्ट गुंडाळा. गोल कडेवर लोखंडी शिकंजा घसरतो, रबर सारखा दाब देते.

---

उत्तर ६
लिहिणार : मकरपुरा_फायबर

दोन्ही बोर्डांचे माप एकच ठरले असल्यास बाह्यरेषेचा आणि रॉकरचा फर्मा एकदाच करून दोन्ही गटांनी वापरावा, नाहीतर तुलनेला अर्थ राहणार नाही. माझ्याकडे नऊ फुटांचा फर्मा प्लायमध्ये कापलेला आहे, तो पुढच्या आठवड्यात आणून देईन. तापत्या तारेचा धनुष्यासारखा सांगाडा आणि ट्रान्सफॉर्मरही देतो, मात्र तार चालू असताना दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. भिंतीवरच्या ट्यूबलाइटचे काम आपल्या वीजतंत्र्याकडून आधीच करून घ्या : जमिनीपासून साधारण तीन फूट उंची, दोन्ही भिंतींवर सलग, आणि वरच्या दिव्यांची कळ त्यांच्यापासून वेगळी.